घडी घालू नये

वर्षातून एकदा, दवाखाना रिकामा असेल त्या रविवारी
मी एप्रनांचेच फोटो काढतो.
शाहूपुरीतल्या आमच्या तळघरात एकूण सहा.
बाहेरून रेक्झिन, आत शिसं मळलेलं रबर,
प्रत्येकाच्या गळ्याशी शिवलेली पट्टी: घडी घालू नये.

एकेकाला टेबलावर उताणं निजवायचं,
काचेआड जायचं, बटण दाबायचं.
पडदा काळा राहिला तर एप्रन पास.
इथं उजेड दिसणं वाईट;
नव्या पोरांना हे समजायला वेळ लागतो.

एक, दोन. काळे. डुंबणाऱ्या म्हशीच्या पाठीसारखे निवांत काळे.
तीन नंबरला कमरेशी
आडवी रेघ, केसाएवढी,
तिला फुटलेले बारीक फाटे,
वीत, दीड वीत.

तीन नंबर अक्काताईचा.
अक्काताई मगदूम, आया, राहणार कसबा बावडा,
उंची चार फूट नऊ इंच.
एप्रन शिवलेला कुणा सहा फुटी माणसासाठी,
तिच्या पायात यायचा.
मग ती कमरेशी दुमडून घ्यायची,
वरून सलाईनच्या जुन्या नळीनं आवळायची,
लुगड्याचा ओचा खोचावा तसं,
आणि मुलं धरायची.

मुलं धरणं हे काम कुठल्या कागदावर नाही.
पण दोन वर्षांचं पोर सांगून हलायचं थांबत नाही,
आईला पुन्हा दिवस गेलेले, तिला आत घेता येत नाही,
बाप दाराशी घेरी येऊन बसलेला;
मी हाक मारायचो.
"आलो, आलो," इथल्या बायका म्हणतात तसंच ती म्हणायची,
"रडू नगं माझ्या वाघा, आत्ता चिमणी येतीया बघ त्यातनं."
चिमणी यायची.
मुलाला दिसायची नाही, आम्हालाही नाही.

अकरा वर्षं.

माझ्या खिशाला बिल्ला असतो,
दर तीन महिन्यांनी तो तपासायला जातो
आणि कागद येतो: मर्यादेत.
अक्काताईला बिल्ला नव्हता. यादीत तिचं पदच नव्हतं.
तिच्या वाट्याचा आकडा कुणाकडे नाही,
माझ्याकडे फक्त ही रेघ.
मोजली. पुन्हा मोजली. खाली तारीख घातली.
मग गाडी काढून गंगावेशीत गेलो, उभ्यानंच दूध प्यालो
आणि ग्लास हातात घेऊन तसाच निघालो;
गवळ्यानं हाक मारली तेव्हा कळलं.

सोमवारी तिला दाखवली.
बराच वेळ बघत राहिली. "हे माझं प्वाट म्हनायचं?"
नाही, एप्रन.
"मग बरं. टाचंला पडत्यात तशाच भेगा की.
कोकमचं तेल लावून भरत न्हाईत व्हय?"

ऑफिसात चार अर्ज, एक भांडण,
शिंप्यासारखी टेप घेऊन तिचं माप.
दिवाळीनंतर नवा आला.
शिसं नाही, बिस्मथ आणि टंगस्टनची पूड,
रबर इतकं मऊ की हातावर पोळीसारखं वळतं.
तिनं घातला, दोन पावलं चालली, थबकली.
"ह्यात कायच न्हाय की ओ.
जुना कसा, कुनीतरी अंगावर बसल्यागत वाटायचा."
मी तो पडद्याखाली धरून दाखवला, काळाकुट्ट.
तिनं मान हलवली. पटलं नाही.

जुना कोपऱ्यात पडून आहे.
भंगारात देता येत नाही, जाळता येत नाही,
मधल्या दुमडीवर आता तो आपोआपच वाकतो.

काल काम संपल्यावर तिनं नवा उतरवला,
हात सवयीनं कमरेशी गेले, तिथंच थांबले.
स्टुलावर चढून तिनं तो दांडीला टांगला,
खालची कड ओढून सरळ केली.
बिल्ला काढायचा मात्र विसरली.
तसाच लावून बावड्याच्या बसमध्ये चढली.

आज आल्या आल्या सांगत होती:
"कंडाक्टर इचारतोय, मावशी, कसलं बक्षीस मिळालं?
मी म्हनालो, पोरं धरायचं."