एक सूत

उदगीरला, चौबाऱ्याच्या अलीकडे,
पत्र्याखाली मे महिना कोंडलेला.
बसलिंगप्पांनी जुन्या फ्रेमचे खिळे उपसले.
आतून पुठ्ठा निघाला, कसर निघाली,
करडईचा भाव छापलेला पेपरचा तुकडा निघाला.
आप्पा निघाले नाहीत.

त्यांचा डावा गाल काचेला धरून बसलेला.
किती पावसाळ्यांचा दमटपणा, किती उन्हाळे,
आणि मधे वाऱ्याला जागाच नाही.
मी नखानं कोपरा उचलायला गेले
तसे ते म्हणाले, ‘ओढू नका ताई, कातडं येतंय.’
फोटोचंच म्हणत होते.
‘काचंसकट राहू द्या. आता ती काच बी त्यांचीच.’

मग मी पिशवीतून दुसरा काढला.
चौऱ्याऐंशी साल, मुलींची खो-खोची टीम,
आई पहिल्या रांगेत, गुडघ्यावर,
आणि उजव्या कडेला, अगदी कडेला,
एक कोपर, अर्धी वेणी.
बाकीची मुलगी कागदाबाहेर.

‘माउंट टाकतो, लई देखणं दिसंल.’
माउंट चारी बाजूंनी अर्धा इंच खातो.
तो अर्धा इंच म्हणजेच ही जुबेदा.
आईनं फोनवर तीनदा बजावलं होतं:
कोपर जाता कामा नये.

ते थोडा वेळ पट्टीशी खेळत राहिले.
मग फोटोपेक्षा बोटभर मोठा पुठ्ठा कापला,
‘ह्यो आंबट न्हाई, पिवळा पडू देत न्हाई’,
फेविकॉलचा डबा पायानं दूर सारला,
चार कोपऱ्यांना कागदाच्या चार टोप्या घातल्या,
जुन्या अल्बमात असायच्या तशा.
आणि चौकटीच्या ओठाआड, कुणाला दिसू नये अशी,
काचेच्या कडेनं बारीक पट्टी फिरवली.
‘एक सूत. जास्त न्हाई.
काच अन् फोटू, दोघांत एवढं पायजे.’

एकशे ऐंशी रुपये झाले.
पट्टीचे त्यांनी लावले नाहीत.

आईनं फ्रेम मांडीवर घेतली.
मधे बसलेल्या स्वतःकडे बघितलंसुद्धा नाही.
‘पळत येत होती गं ती, चप्पल तुटली होती तिची.
फोटोवाला म्हणाला, थांबू का?
मीच म्हणलं, काढा, ती काही येत नाही.’

तिचं बोट कोपरावर टेकलं,
म्हणजे कोपराच्या अलीकडे, एक सूत.
मी म्हटलं, अगं, डाग पडेल.
‘पडू दे,’ ती म्हणाली,
‘काचेलाच पडतोय.’