पडदा क्रमांक दोन

महाप्यातलं एक ऑफिस बंद पडलं,
त्याच्या भंगारातून बावीसशेला आणला हा मॉनिटर.
पाठीवर अजून चिकटलेलं: ॲसेट नंबर चारशे एकोणीस,
आणि खाली कुणीतरी बॉलपेनने लिहिलेलं,
'खिडकीजवळचा'.
आता तो घणसोलीत, तिसऱ्या मजल्यावर,
माझ्या जेवणाच्या टेबलावर.
म्हणजे आम्ही आता जमिनीवर जेवतो.

स्टँड मोडका. त्याखाली
लक्ष्मीपूजनाचा पाट सरकवला, तरी
पहिल्यापेक्षा चार बोटं ठेंगणाच.
केबल आखूड. पोर्ट एकच.
मग निकेतला फोन. निकेत माधवी, तळवलीचा,
'पाच मिनिटांत' म्हणून दीड तासाने येणारा,
खिशात कन्व्हर्टर, कानाला पेन्सिल.

चालू झाला.
करड्या उजेडात आधी दिसली एक फिकी जाळी,
वर्षानुवर्षं एकच तक्ता दाखवून
काचेत मुरलेल्या ओळी.
हजेरी असेल कुणाची. किंवा पगार.

पण बाण उजवीकडे जाईना.
कडेला धडकायचा, थांबायचा.
डावीकडून बाहेर काढला तर
उजव्या पडद्यावर उगवायचा,
समोरच्या दुकानात जायला
आधी उलटं चालत पूल गाठावा लागतो, तसा.
'त्याला वाटतंय दुसरा डावीकडे आहे,'
निकेत म्हणाला, आणि
दोन्ही पडद्यांवर भलेमोठे आकडे आणले:
एक. दोन.
मग दोन चौकोन उचलून अदलाबदल केली.
एवढंच.

माझं काम असं:
डावीकडे गावाचा जुना नकाशा, स्कॅन केलेला,
घडीवर फाटलेला, सर्व्हे नंबर शाईत.
उजवीकडे आकाशातून काढलेला फोटो.
जुनी रेघ नव्या छतांवर बसवायची.
एका तुकड्यामागे अडीच रुपये.
एका पडद्यावर दिवसाला चाळीस व्हायचे,
दोनवर सत्तर होतील, असा माझा हिशोब.

'हा कुठला?'
'तळवली. शिवेकडचा.'
तो वाकला. मी ओरडायच्या आत
काचेवर बोट टेकवलं.
'यो आमचा खाजन,' म्हणाला.
माझ्याशी तो असं कधी बोलत नाही.
'आज्याचा. इथं उघाडी.
भरतीचा जिताडा आत यायचा नि आतच राहायचा.'

उजवीकडे त्याच जागी
एक लांबलचक पांढरं छत. खिडक्या नाहीत.
वर पंख्यांच्या रांगा.
'डेटा सेंटर असावं,' मी म्हटलं.
'असावं काय? केबल ओढायला
तीन महिने मीच होतो तिथं.'

मग त्याने नकाशा धरून
हळूहळू उजवीकडे ओढला.
अर्धं शेत या काचेवर, अर्धं त्या.
मध्ये दोन प्लास्टिकच्या कडा, आणि बांध
चार बोटांनी तुटलेला.
पाटाखाली त्याने पुठ्ठा घातला.
पुन्हा बघितलं. अजून एक पुठ्ठा.
मग सेटिंगमध्ये जाऊन चौकोन
केसभर खाली, केसभर वर,
श्वास धरून, जसं कुणी
झोपलेल्या माणसाचं डोकं उशीवर नीट ठेवतं.
'बसला,' म्हणाला.
बांध सरळ झाला होता.

कन्व्हर्टरचे दीडशे, मजुरीचे दोनशे.
एक रुपया कमी घेतला नाही,
चहा मात्र उभ्यानेच प्यायला.

तो गेल्यावर मी तो तुकडा पुरा केला.
अकरा बिंदू. शेवटचा पहिल्यावर टेकला की
आकृती मिटते, रंग भरतो,
आणि वहीत अडीच रुपये.

त्याच्या बोटाचा ठसा काचेवर राहिला आहे.
नकाशा सरकवला तरी तो सरकत नाही.
उघाडीवरून निघून आधी विहिरीवर येतो,
मग मिठागरावर,
मग गोठिवलीतल्या कुणाच्या तरी घरावर.
तिथली माणसं मला ठाऊक नाहीत.
फडकं घेऊन मी उठते,
आणि तेवढ्यात पुढचा नकाशा उघडतो.