मीटरच्या वहीत

वीज खात्यातून निवृत्त होताना मी एकच चोरी केली :
तीन कोऱ्या वह्या. आखीव रकाने,
मागील वाचन, चालू वाचन, फरक.
तीस वर्षं वोरूच्या गल्ल्यांतून हिंडत
लोकांच्या भिंतींवरचे आकडे उतरवले.
आता बाग उतरवते.

मार्च एकोणीस. स्टार्लिंग आले.
मागील वाचन : बावीस.
फरक तीन दिवसांचा. कोणाच्या बाजूने,
ते लिहायला रकाना नाही.

बर्फ गुडघ्यावरून घोट्यावर आला,
घोट्यावरून चिखलात गेला, तेव्हा दिसलं :
अंतोनोव्का सफरचंदाच्या बुंध्याची साल
वीतभर, सगळीकडून कुरतडलेली.
हिवाळाभर मी वर चिमण्यांना सूर्यफुलाच्या बिया घालत होते
आणि खाली, बर्फाच्या बोगद्यांत,
उंदरांची निवांत पंगत बसली होती.
झाडाला पत्ताच नव्हता. कळ्या फुगवत होतं
गेल्या वर्षीच्या शिदोरीवर.

शेजारचा काल्यू आला, गुडघे टेकून बसला.
"मेलंय," म्हणाला. "फक्त त्याला कुणी सांगितलं नाही अजून."
मग उठून घरी गेला.
मला वाटलं, जेवायला.

आला तो चाकू, मेण
आणि सात काड्या घेऊन,
फेब्रुवारीपासून तळघरातल्या वाळूत निजवलेल्या.
एक टोक जखमेच्या खालच्या सालीत,
दुसरं वरच्या सालीत, मध्ये जरा बाक ठेवून.
वादळानंतर खांबावर चढलेला वायरमन
असाच ओठ चावतो.
मे चार. जोडण्या : सात.
मागील वाचन कोरं.

मे सतरा. नाइटिंगेल, लायलॅकमध्ये, रात्री अडीच वाजता.
झोपेचं खोबरं. फरक : शून्य. तोच तो निर्लज्ज.

जूनमध्ये इथे रात्र होतच नाही,
नुसता दिवस जरा डोळे चोळतो.
अकराला मी गाजरं विरळत असते.
शेंबड्या गोगलगायी काकडीच्या रोपांकडे
नेसूचा घोळ ओढत निघालेल्या,
आणि त्यांच्यामागून हेजहॉग, फुसफुसत,
थकबाकी वसुलीला आल्यासारखा.
हिशेब लागेना म्हणून मी मोजणं सोडून
बादलीवर बसून राहिले.

सातांतल्या पाच काड्या धरल्या.
दोन वाळल्या. त्या मी काढल्या नाहीत.

ऑगस्टात काल्यू कुंपणापाशी आला,
वाकून त्या पाच जोडण्यांवरून अंगठा फिरवत म्हणाला,
"हे कुणी केलं?"
मी हसले. तो हसला नाही.
"चांगला हात आहे," म्हणाला.
दुसऱ्या आठवड्यात पुन्हा आला. पुन्हा अंगठा, पुन्हा तेच.
तिसऱ्यांदा मी म्हटलं,
"आहे माझा एक शेजारी."
त्याने मान हलवली. समाधानाने. थोड्या मत्सरानेही, मला वाटतं.

सप्टेंबरात सिर्ये, त्याची मुलगी, त्याला तार्तूला घेऊन गेली.
त्याच दिवशी क्रौंच गेले. एकशे चारपर्यंत मोजले,
मग गाडीचा हॉर्न वाजला.
झाडाला एकोणीस फळं. अठरा त्याच्या पिशवीत दिली.
एक ठेवलं. आंबट,
दात शिवशिवावेत इतकं आंबट.

नोव्हेंबर. बुंध्याभोवती जाळी.
पहिला बर्फ पडला की झाडाभोवती
गोल गोल फिरत तो तुडवून घट्ट करायचा,
म्हणजे उंदरांना बोगदा धरता येत नाही,
हे त्यानेच सांगितलेलं. चार हिवाळ्यांपूर्वी.
तेव्हा मी म्हटलं होतं, बघू.

आज तुडवतेय. वही खिशात.
फरक लिहायचा राहिलाय, बोटं चालत नाहीत.
त्याच्या अंगणात एकही पाऊल नाही,
एका सशाची तेवढी माग,
कुंपणाखालून सरळ
माझ्या झाडाकडे आलेली.