गणित घेऊन पुढं काय

उद्यमबागेत दुसरी शिफ्ट सुटताना
गेटवर उभी होती मुतगेकरांची सुप्रिया,
फाईल छातीशी, चपलांवर फौंड्रीची काळी वाळू.
"अक्का, तुम्ही बीएस्सी मॅथ्स ना?
बाबा विचारूलेत, गणित घेऊन पुढं काय?"

दोन चहा सांगितले.
म्हटलं, शंभर कास्टिंग ओततात इथं,
त्यातली सात फुटतात.
कालची सात आणि आजची सात
एकच सात आहेत का,
एवढंच मला विचारतात. त्याचा पगार.
कधी भट्टी चुकते, कधी वाळूत ओल राहते,
कधी कुणाचाच दोष नसतो.
हे शेवटचं कागदावर सिद्ध करून
एकदा गुरुलिंगप्पाची नोकरी वाचवली मी.
परीक्षेत हा प्रश्न आला नव्हता.

पहिल्या वर्षाला आम्ही चौतीस होतो,
तिसऱ्याला अकरा.
मधले तेवीस कुठं गेले
याला सूत्र नाही; लग्नपत्रिका आहेत,
दोन मोबाईलची दुकानं आहेत.

अश्फाक विम्यात गेला, बंगळुरात.
माणसं किती जगतील ते मोजतो.
एकामागून एक पेपर देतोय अजून, सहा झाले.
वडील गेले त्या रात्री
त्यानं तक्ता उघडून बघितला म्हणे.
तक्ता बरोबर होता.
मग तो बंद करून रडला.

शहापुरातली सविता मागाच्या खडखडाटात वाढली.
आता साडीचे काठ स्क्रीनवर काढते.
किती धाग्यांनी मोर परत यायचा
त्याला ती मॉड्युलो म्हणते,
बाप म्हणतो हिशोब,
मोर दोघांचंही ऐकतो.

येळ्ळूरचा परशराम बँकेत, रायचूरला.
नोटा मोजतो कन्नडात,
चुकलं की शिवी मराठीत.

आणि आमचा पहिला आलेला, दीपक बिजगर्णीकर?
तो दूध डेअरीवर फॅट बघतो.
नेट तीनदा दिली. तिसऱ्यांदा दोन मार्कांनी गेली.
त्याला वाईट वाटतं का, मी विचारलं नाही.
दुधाच्या कार्डांच्या पाठीवर
अजून अविभाज्य संख्या लिहितो,
आणि गावात कुणी म्हणत नाही
की त्याचं माप मारतं.

"म्हणजे नक्की असं काहीच नाही?"
नाही गं.
दोन्हीकडच्या फॉर्मांवर
एखादा रकाना असा असतोच
जिथं आपलं पेन थांबतं.
हुक्केरी सर कन्नडात विचार करायचे,
इंग्रजी पुस्तकातून मराठीत शिकवायचे.
एकदा फळ्यावर सीमाबिंदू काढला:
भोवती कितीही लहान वर्तुळ घ्या,
थोडं इकडचं येणार, थोडं तिकडचं येणार.
सगळा वर्ग हसला.
सर हसले नाहीत. डस्टर झटकत म्हणाले,
"ही व्याख्या आहे. तक्रार नव्हे."

मला ते वाक्य नोकरीत फार उपयोगी पडलं.
कसं, ते सांगता येणार नाही.

सुप्रिया चहात बघत होती.
मग हळूच, "अक्का, पगार किती?"
सांगितला. खरा सांगितला.
कप खाली ठेवायच्या आत तिनं
बसपास वजा केला, भावाची फी वजा केली,
घरच्या कर्जाचा हप्ता वजा केला,
ओठ हलले नाहीत, बोटं हलली नाहीत.
"वर्षाला एकोणीस हजार उरतात."

"सतरा," म्हटलं. "दिवाळी धरली नाहीस."

ती हसली, फाईलच्या पाठीवर
एकोणीस खोडून सतरा लिहिलं,
आणि खाली एक रेघ ओढून
विचारलं, "फॉर्मची शेवटची तारीख कधी?"