लोकेशन पाठव

फोटो आवडला म्हणालास, शार्दूल, बरं वाटलं.
एसटी कुठवर जाते ते सांगते,
भाकरी कुणाकडे मिळेल तेही.
नाव मात्र नाही सांगणार.

मुलुंडच्या या बाल्कनीत
सॅक उलटी टांगलीय सोमवारपासून.
आतून निघालं ते असं :
मोज्यात घुसलेली कुसळं,
संत्र्याची वाळकी सालं
(हो, तीही परत आणते आता. हस खुशाल),
दुसऱ्याच कुणाच्या वेफर्सची सात पाकिटं,
आणि पेनाने हातावर लिहिलेला, अजून पुरता न गेलेला हिशेब :
पदीबाई आगिवले, दोन जेवणं,
पिठलं, नागलीची भाकरी, ठेचा.
तिनं सांगितले तेवढे दिले.
पूर्वी वीस रुपयांवरून घासाघीस करायचे मी,
पायात नऊ हजारांचे बूट घालून.

वर एक टाकं आहे.
कातळात खोदलेलं, उन्हातही गार,
तळाशी पडलेल्या नाण्यावरचं साल वाचता यावं
इतकं नितळ.
होतं.
पाच वर्षांपूर्वी अठ्ठेचाळीस जणांना मीच नेलं तिथे,
गळ्यात शिट्टी, हातात यादी,
कुणी मागे राहिलं नाही ना, एवढंच मोजत.
टाक्यात पाय सोडून बसलो होतो सगळे.
त्याचाही फोटो आहे.
मधोमध मी,
घोट्यापर्यंत पाण्यात, दात दाखवत.

उतरल्यावर पदीबाईनं विचारलं,
“टाक्याव गेलता काय?”
हो म्हटलं आम्ही, कोरसमध्ये.
चैत्र होता. खालची विहीर
तळाचा गाळ दाखवत होती.
ती काही बोलली नाही.
हंड्यावरचं फडकं सारखं केलं,
तांब्या बुडवला, मला दिला.
मी प्याले. गटागटा.
पाणी कुठलं, हे कळायला
मला शेवटची एसटी अर्धा घाट उतरावी लागली.

रागावली असती तर बरं झालं असतं.

इथे नळ सोडला की येतंच.
वैतरणेचं की भातसाचं, कुणास ठाऊक,
पण कुठल्या तरी डोंगराचंच ना.
आपण झोपेत असतो तेव्हाही
तो गुपचूप चढत असतो
आपल्या चौथ्या मजल्यावर.
त्याला नाही विचारत आपण
लोकेशन.

आता मोठी बॅच नेत नाही.
ग्रुपमधून निघाले तेव्हा निमकर म्हणाला,
डोंगर काय तुझ्या बापाचा आहे का?
नाही ना. तेच तर.
उत्तर सुचलं दोन दिवसांनी, भांडी घासताना,
तेव्हा त्याला फोन करायला लाज वाटली.

तर, शनिवारी चल. चौघंच जाऊ.
स्पीकर घरी ठेव.
बाटली खालीच भरून घे,
पण विहिरीला पाणी असेल तरच; नाहीतर इथून वाहायची,
खांदे दुखतील, दुखू देत.
सड्यावर फुलं असतील तर वाटेवरूनच बघायची,
लोळायचं नाही त्यांच्यात, कितीही लाइक मिळोत.
टाक्यापाशी बूट काढून
नुसतं बसायचं जरा वेळ, लांब.

आणि नाव हवंच असेल
तर पदीबाईला विचार.
मी विचारलं होतं एकदा.
तिनं चुलीतलं लाकूड आत सारलं,
धुरात डोळे बारीक केले.
“नाव कशाला?” म्हणाली,
“आम्ही वर म्हणतो.
वर जाऊन आलो, म्हणतो.”