सात चमचे मीठ

माझ्या नवऱ्याची आई, देओलिंदा,
सेतुबालच्या गोदीमागे, दोरखंडांच्या दुकानात
एकोणतीस वर्षं हिशेब लिहायची.
तिच्या आकड्यांत काटछाट नसे.
म्हणून त्या रविवारी मी वहीत बघून मुकाट घातलं :
बटाटे चार, टोमॅटो सहा,
वाम दीड किलो,
मीठ चमचे सात.

पहिला घास.
कुणी काही बोललं नाही.
तिचा भाचा तेल्मो नुसता पाव चघळत राहिला,
माझा नवरा पाण्याच्या जगकडे बघत राहिला,
मी मात्र ताट संपवलं, हट्टाने,
आणि पुन्हा वाढून घेतलं. चूक माझी नव्हती.
देओलिंदा हसायला लागली, इतकी
की चष्मा काढून डोळे पुसावे लागले :
"अगं, ते मीठ नाही. ती बँक आहे."

तर असं होतं सगळं.
भट्टीचे एकशे ऐंशी अंश म्हणजे पेन्शन.
कोथिंबिरीच्या नऊ काड्या म्हणजे वीजबिल.
दालचिनी दिसली की पुढचं अक्षर मोठं.
"चोर आलाच, तर शिजवून खाईल
आणि तहानेने मरेल."

तेल्मो हसला नाही.
फेब्रुवारीत वीज कंपनीचं सगळं बाहेर सांडलं होतं
आणि त्या नऊ काड्या मावशीने
आणखी तीन ठिकाणी पेरल्या होत्या.
त्याने मिठाची बरणी पुढे ओढली :
"ही तुझी तिजोरी, पण लोकांच्या घरी.
कुलूप तुझं. त्यांनाही उघडता येत नाही."
"मग ठेवून घेतात कशाला?"
"महिन्याला तीन युरो."
"हां."
व्हिनेगरची बाटली : "ही पेनड्राइव्हमधली. फुकट.
तुझी तुझ्यापाशी. पण हरवलीस
तर रडायला कुणाचं दार नाही."
टूथपिकांची डबी : "आणि ही ब्राउझरच्या पोटातली, आयती.
सोय आहे, पण मग घर बदलायचं म्हटलं
की घरमालकाला विचारा."

ती तिन्हींकडे बघत बसली,
महिनाअखेरीला न जुळणाऱ्या बेरजेकडे बघावं तशी.
"कंपनी बुडाली तर?"
तेल्मोने सांगितलं, बरंच सांगितलं.
"आणि मी बुडाले तर?"

बाहेर ट्रोइयाच्या फेरीचा भोंगा झाला.
बरणीवाल्यांकडे सोय आहे, तेल्मो हळू म्हणाला,
एक नाव द्यायचं. त्या माणसाने दार वाजवलं
आणि तू इतके दिवस गप्प राहिलीस,
तर दार त्याला उघडतं.
"किती दिवस?"
"तू ठरव."
"बारा. बहिणीकडे मी दहा दिवस जाते. वर दोन, रुसव्याचे."

नाव?
माझ्या नवऱ्याने पावाकडे हात नेला.
मी टेबल पुसायला घेतलं, जिथे काही सांडलं नव्हतं तिथेही.
तेरा वर्षांत या घरात मला
साधी माळ्याची किल्ली कुणी दिली नव्हती.
"इओलांदा लिही," ती म्हणाली.
मुलाकडे बघितलंही नाही.
"मीठ हिने खाल्लंय."

मग गुरुकिल्ली. सहा शब्द, एकमेकांशी नातं नसलेले.
तेल्मो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.
ती एका बोटाने टाइप करत होती,
ओठ हलत होते, आवाज नव्हता,
आणि मी नळ मोठा सोडला,
चुकून एखादा शब्द कानावर पडू नये म्हणून.

वही अजून फळीवर आहे.
काल उघडली. सात खोडलेत,
वर लिहिलंय : दीड. एकोणतीस वर्षांतली पहिली काटछाट
मी बोटाने चाचपून बघितली.
खाली एक ओळ नवी आहे : दालचिनी, एक तुकडा.

माशांच्या रश्श्यात दालचिनी!
मी विचारलं नाही. विचारणार नाही.