शेरा : शांत

मोजणी मी केली. दुसरं कोण करणार,
समादेशक सुटीवर, पंखा बंद
आणि डोमाजी ठवकर समोर उभा,
बसा म्हटलं तरी उभाच.

पिशवीतून त्यानं वही काढली,
युरियाच्या पोत्याचं कव्हर घातलेली.
तारीख, गाव, पाळी,
शेवटच्या रकान्यात शेरा.

पालांदूरची मंडई, रात्रपाळी. शांत.
मतदान, शाळेची मागची खोली. शांत.
शारदा विसर्जन, लाखांदूर. शांत.
चुलबंदला पूर, डोंग्यावर पहारा. शांत.
दंडारीत भांडण, होता होता राहिलं. शांत.

एकतीस वर्षं, म्हणाला तो.
मी दिवस धरले. नियम दिवसच धरतो,
बोलावलं तो दिवस, भत्ता दिला तो दिवस.
एकवीसशे अठ्ठेचाळीस.
म्हणजे पाच वर्षं, वर तीनशे तेवीस दिवस.
पेन्शनला दहा लागतात, काका.
आणि दहा भरली असती तरी
तुम्ही मानसेवी.

"मानसेवी म्हंजे?"

मी नियमावलीचं पान उलटलं.

"मंग बाकीचे दिवस कुठी गेले, साहेब?
घरीच होतो मी, पन वर्दी इस्त्री करून, काठी दारामागं.
निरोप येईन म्हनून रोवण्याच्या दिसातबी
बांधीपल्याड गेलो नाही.
सयत्रा म्हने, तुमी अर्धे घरी, अर्धे ठाण्यात,
मले पुरा मानूस कवा भेटन?"

या दिवसांना माझ्याकडे रकाना नाही.
त्या शेऱ्यालाही नाही.
कुठं डोकं फुटलं असतं, पेटी पळाली असती,
तर पंचनामा झाला असता, जावक क्रमांक पडला असता,
कुणीतरी लिहिलं असतं
की डोमाजी तिथं होता.

माझं म्हणाल तर मीही दोन हजार पाचनंतरचा.
पगारातून कापतात, ते कुठल्या बाजारात फिरतं देव जाणे.
हे त्याला सांगून काय होणार होतं.

पट्टा, टोपी, शिट्टी जमा. पावती दिली.
"काठी माही सोताची हाय," म्हणाला,
"बेटावरून तोडून आनली होती."
काठी लिहिली नाही.

मग वही पुढं सरकवली,
"यायच्यावर एक ठप्पा तं मारून द्या."
कुठला मारू? गोल शिक्का कुलपात.
हाताशी आवकचा होता, तोच शाई लावून
शेवटच्या पानावर दाबला.

तारीख आजची उमटली.
एकतीस वर्षांत आज तरी
तो हजर होता, कागदोपत्री.